एक शोधचौकट, सहा रकाने: मराठी डेटाबेसमध्ये एकाच वेळी सगळीकडे कसं शोधावं

किल्ल्यांची एक यादी डेटाबेसमध्ये भरली आहे असं धरू. संकेतस्थळावर एकच शोधचौकट आहे आणि त्यात कुणी तरी लिहितं, ‘पुणे गिरिदुर्ग’. यातलं ‘पुणे’ जिल्ह्याच्या रकान्यात आहे, ‘गिरिदुर्ग’ प्रकाराच्या रकान्यात आणि ‘पुणे गिरिदुर्ग’ ही सलग अक्षरं मात्र कुठेच नाहीत. साधी स्क्रिप्ट उत्तर देते: काही सापडलं नाही. यादीत शिवनेरी, लोहगड आणि राजगड तिघंही असतात.

अशी स्क्रिप्ट सुधारायला आज्ञा फार लागत नाहीत. निम्मं काम शब्द सुटे करण्याचं आहे, निम्मं मराठी मजकूर शोधण्याजोगा करण्याचं. या दुसऱ्या निम्म्याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही.

साधनं दोनच घेऊ: एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस आणि पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा. पायथॉनसोबत एसक्यूलाइटचं मॉड्यूल आपोआप येतं, वेगळा सर्व्हर लागत नाही. एसक्यूलाइटमध्ये टेबल आणि रकान्यांची नावं देवनागरीत ठेवता येतात, पायथॉनमध्ये व्हेरिएबलचीही. त्यामुळे पुढची नावं तशीच वापरा. सिलेक्ट, व्हेअर, लाइक यांसारख्या आज्ञा मी इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, संगणकावर त्या रोमन लिपीत टाइप करायच्या.

नमुना यादी

युनेस्कोने जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत घेतलेले मराठ्यांचे बारा किल्ले नमुन्याला उत्तम आहेत: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. ‘किल्ले’ नावाच्या टेबलात सहा रकाने करा: नाव, इतरनावे, प्रकार, तालुका, जिल्हा, टीप. विजयदुर्गाच्या इतरनावांत ‘घेरिया’ येईल, रायगडाच्या ‘रायरी’, राजगडाच्या ‘मुरुंबदेव’, पन्हाळ्याच्या ‘पन्हाळगड’.

या बारांत मुद्दाम घ्याव्यात अशा अडचणी आहेत. रायगड हा किल्ला आहे आणि जिल्हाही. सिंधुदुर्गाचंही तेच. पन्हाळा किल्ला आहे आणि तालुकाही. विजयदुर्ग ज्या देवगड तालुक्यात आहे, त्या देवगडालाही स्वतःचा किल्ला आहे. एकाच वेळी अनेक रकान्यांत शोधायचं म्हटलं की हे सगळे एकमेकांच्या पायात येतात.

पहिला प्रयत्न सगळे असाच करतात

सहाही रकान्यांवर लाइक (मजकुरात तुकडा आहे का ते बघणारी आज्ञा) लावायचं आणि मध्ये ऑर (‘किंवा’) घालायचं. शोध फक्त पुणे जिल्ह्यापुरता हवा असेल तर अट अशी लिहिली जाते:

व्हेअर जिल्हा = 'पुणे' अँड नाव लाइक ? ऑर इतरनावे लाइक ?

यात चूक आहे. अँड हा ऑरपेक्षा घट्ट बांधतो. त्यामुळे डेटाबेस हे असं वाचतो: ‘पुणे जिल्ह्यातले आणि नाव जुळणारे, किंवा इतरनावे जुळणारे कुठलेही’. मग पुण्याच्या शोधात कोकणातले किल्ले शिरतात. ऑरची अख्खी साखळी कंसात घाला:

व्हेअर जिल्हा = 'पुणे' अँड (नाव लाइक ? ऑर इतरनावे लाइक ?)

प्रश्नचिन्हाच्या जागी शोधशब्द थेट जोडून क्वेरीची, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नाची, ओळ तयार करू नका. शब्द नेहमी वेगळा, पॅरामीटर म्हणून द्या. शोधचौकटीत कुणी एक अवतरणचिन्ह टाकलं की जोडून केलेली क्वेरी मोडते आणि हेतू वाईट असेल तर टेबलाचं काहीही होऊ शकतं. रकान्याचं नाव मात्र पॅरामीटरने देता येत नाही. वापरणाऱ्याला रकाना निवडू द्यायचा असेल तर स्क्रिप्टमध्ये परवानगी असलेल्या नावांची यादी ठेवा आणि आलेलं नाव त्या यादीत आहे का ते तपासूनच क्वेरीत घाला.

शब्द सुटे, रकाने एकत्र

‘पुणे गिरिदुर्ग’ शोधणाऱ्याला काय हवं असतं? दोन्ही शब्द एकाच ओळीत हवेत, पण कुठल्याही रकान्यात चालतील. म्हणजे शब्दा-शब्दांमध्ये अँड आणि प्रत्येक शब्दासाठी रकान्या-रकान्यांमध्ये ऑर. दोन शब्द आणि सहा रकाने म्हणजे बारा अटी, चार शब्दांना चोवीस. चालतं, पण वाचवत नाही आणि सातवा रकाना आला की सगळीकडे हात घालावा लागतो.

त्यापेक्षा टेबलात आणखी एक रकाना करा, ‘शोधमजकूर’. सहाही रकान्यांचा मजकूर त्यात एकत्र भरायचा. मग प्रत्येक शब्दाला एकच अट उरते:

सिलेक्ट * फ्रॉम किल्ले व्हेअर शोधमजकूर लाइक ? अँड शोधमजकूर लाइक ?

जितके शब्द तितक्या अटी. त्या पायथॉनच्या जॉइनने अँड घालून जोडायच्या.

मजकूर एकत्र करताना दोन गोष्टी सांभाळा. रकान्यांमध्ये मोकळी जागा सोडा. नाही तर ‘गिरिदुर्ग’ आणि ‘मावळ’ चिकटून मध्ये ‘गमा’ असा नसलेला तुकडा तयार होतो आणि तो शोधात सापडतोसुद्धा. दुसरं, रिकामे रकाने. एसक्यूलाइटमध्ये दोन उभ्या रेघांनी मजकूर जोडताना त्यात एक जरी नल (काहीच न भरलेला रकाना) असला तरी सगळा जोड नल होतो. इतरनावं नसलेला किल्ला मग कुठल्याच शोधात येत नाही आणि चूक झाल्याचा संदेशही दिसत नाही. कोअलेस वापरून नलच्या जागी रिकामा मजकूर द्या. एसक्यूलाइट ३.४४ पासून कॉन्कॅट_डब्ल्यूएस आहे, ते नल वगळून जोडतं. पण मी हे जोडकाम पायथॉनमध्येच करेन, कारण हा मजकूर आहे तसा ठेवायचाच नाही. तो आधी चाळणीतून काढायचा आहे.

चाळणी

पडद्यावर एकसारखे दिसणारे दोन मराठी शब्द संगणकाच्या आत वेगळे असू शकतात. कऱ्हाड घ्या. हा शब्द दोन रीतींनी टाइप होतो: एकात खाली टिंब असलेला ‘ऱ’ पाय मोडून येतो, म्हणून ‘कऱ्हाड’. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारं झेडडब्ल्यूजे हे जोडचिन्ह, म्हणून ‘कर्‍हाड’. डोळ्याला फरक दिसत नाही, लाइकला ते दोन निराळे शब्द वाटतात. ‘ॲ’चं तर त्रांगडंच आहे. तो एकच अक्षर म्हणून येतो, अ, जोडचिन्ह आणि चंद्र मिळून येतो किंवा ‘ऍ’ म्हणून येतो. कोणत्या कीबोर्डावर टाइप केलं त्यावर सगळं अवलंबून.

म्हणून पायथॉनमध्ये ‘चाळा’ नावाचं एक फंक्शन लिहा. ते मजकूर घेईल आणि शोधण्याजोगा मजकूर परत देईल. त्यातल्या पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

आधी यूनिकोडडेटा मॉड्यूलमधलं नॉर्मलाइझ ‘एनएफडी’ रूपात चालवा. त्याने ‘ऱ’ फुटून र आणि नुक्ता (खालचं टिंब) असे दोन भाग होतात. मग नुक्ता (यूनिकोड क्रमांक ०९३सी) काढून टाका, सोबत झेडडब्ल्यूजे (२००डी) आणि झेडडब्ल्यूएनजे (२००सी) ही अदृश्य चिन्हंही. आता दोन्ही कऱ्हाड एक झाले. याची किंमत म्हणून दऱ्या (डोंगरातल्या) आणि दर्या (समुद्र) हेही एक होतात. किल्ल्यांच्या यादीत ते खपून जातं. तुमच्या यादीत असा घोटाळा महाग पडणार असेल तर विचार करा.

त्यानंतर ‘ऍ’ आणि ‘अ’ला जोडून आलेला चंद्र दोन्ही ‘ॲ’मध्ये बदला.

मग ऱ्हस्व-दीर्घ. ‘गिरिदुर्ग’ शुद्ध, पण ‘गिरीदुर्ग’ लिहिणारे भरपूर. कळसूबाई की कळसुबाई यावर तर फलकांचंही एकमत नाही. शोधाला शुद्धलेखनाची परीक्षा घ्यायची नसते, तेव्हा दीर्घ वेलांटी ऱ्हस्व करा, दीर्घ उकार ऱ्हस्व करा, तसंच ई चं इ आणि ऊ चं उ.

अनुस्वार: ‘सिंधुदुर्ग’ आणि ‘सिन्धुदुर्ग’, ‘खांदेरी’ आणि ‘खान्देरी’. ङ्, ञ्, ण्, न् यांच्यापुढे क, च, ट, त या वर्गांतली पहिली चार अक्षरं आली तर त्या जोडाचा अनुस्वार करा. म् पुढे प, फ, ब, भ आले तर तसंच. पहिली चारच का, तर ‘जुन्नर’ला हात लागू नये म्हणून. ‘पन्हाळा’ही सुखरूप राहतो, कारण ह वर्गीय व्यंजनांत येत नाही.

आकडे: टिपेत रायगडाच्या राज्याभिषेकाचं साल १६७४ असं देवनागरीत असेल आणि शोधणारा इंग्रजी आकडे टाइप करेल. ट्रान्सलेट फंक्शनने दहाही अंक एकाच लिपीत आणा. कोणती लिपी, याला महत्त्व नाही.

शेवटी विरामचिन्हं. ‘अलंग-मदन-कुलंग’ यातल्या आडव्या रेघेच्या जागी मोकळी जागा यायला हवी. इथे रेगेक्समधल्या (मजकुराचे नमुने शोधण्याच्या भाषेतल्या) ‘बॅकस्लॅश-डब्ल्यू’चा, म्हणजे ‘शब्दातलं कुठलंही अक्षर’ या खुणेचा, मोह होतो, तो टाळा. पायथॉनचं आर-ई मॉड्यूल त्यात मात्रा-वेलांट्या धरत नाही. मग ‘किल्ला’चे क, ल, ल असे तुकडे पडतात. त्याऐवजी प्रत्येक चिन्हाचा यूनिकोड प्रवर्ग बघा: तो एल (अक्षर), एम (मात्रा-वेलांटी) किंवा एन (अंक) ने सुरू होत असेल तर चिन्ह ठेवा, नाही तर मोकळी जागा घाला. ही पायरी शेवटीच हवी. अदृश्य चिन्हं काढण्याआधी ती चालवली तर ‘कर्‍हाड’ मधोमध तुटतो.

आता या लेखातला सगळ्यांत महत्त्वाचा नियम: टेबलात जाणारा मजकूर आणि शोधचौकटीतून येणारा शब्द, दोन्ही याच एका फंक्शनमधून जायला हवेत. एकाच बाजूला चाळणी लावली तर न लावण्यापेक्षा वाईट अवस्था होते, कारण आधी जुळणारे शब्दही जुळेनासे होतात. मूळ सहा रकाने मात्र जसेच्या तसे ठेवा. दाखवायचं शुद्ध मराठी, शोधायचं चाळलेलं.

तुमची यादी जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फाँटमध्ये टाइप केलेली असेल तर हे सगळं निरुपयोगी आहे. त्या फायलींत आत रोमन चिन्हंच असतात, फाँट त्यांना मराठी रूप देतो. आधी ती यादी यूनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर तपासा. काना आणि मात्रा सुटे सुटे राहिलेले ‘ो’ अशा यादीत हमखास सापडतात. चाळणीत त्यांच्यासाठी एक ओळ वाढवावी लागते.

दुसरी नावं आणि बदललेली नावं

चाळणी लेखनभेद मिटवते, नावं बदललेली तिला कळत नाहीत. कऱ्हाड आणि कराड, नाशिक आणि नासिक, ही जोडी हातानेच सांगावी लागते. जिल्ह्यांच्या नावांचं तर विशेष. रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा होता. औरंगाबाद आणि उस्मानाबाद २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाले, अहमदनगर २०२४ मध्ये अहिल्यानगर. जुन्या पुस्तकातून किल्ल्याची माहिती वाचून आलेला माणूस जुनंच नाव टाइप करणार.

ही नावं प्रत्येक किल्ल्याच्या इतरनावांत भरत बसू नका. ‘स्थळनावे’ असं वेगळं टेबल करा, त्यात दोन रकाने: आजचं नाव आणि पर्यायी नावं. शोधमजकूर तयार करताना स्क्रिप्टने जिल्हा आणि तालुका या टेबलात बघावा आणि पर्याय जोडून टाकावेत. पुढे आणखी एखाद्या तालुक्याचं नाव बदललं तर एकच ओळ बदलायची. रोमन लिपीतली नावंही इथेच घाला. लाइक रोमन अक्षरांत लहान-मोठं बघत नाही, त्यामुळे एकच रूप पुरतं.

क्वेरी जोडणं

शोधचौकटीतला मजकूर ‘चाळा’मधून काढा, मग स्प्लिटने शब्द वेगळे करा. ‘किल्ला’, ‘किल्ले’, ‘आणि’, ‘व’ असे शब्द गाळा. किल्ल्यांच्या यादीत ‘किल्ला’ शोधून काही निवडलं जात नाही. गाळल्यावर काहीच उरलं नाही तर सगळी यादी दाखवा. शब्दांना मर्यादा घाला, आठ पुरेत.

लाइकमध्ये टक्का म्हणजे ‘काहीही’ आणि अधोरेघ म्हणजे ‘कुठलंही एक चिन्ह’. आपल्या चाळणीने ही दोन्ही चिन्हं आधीच उडवलेली असतात. तरी पुढे कुणी चाळणी सैल केली तर घात नको म्हणून त्यांच्याआधी उद्गारचिन्ह लावा आणि अटीत तसं सांगा:

शोधमजकूर लाइक ? एस्केप '!'

प्रत्येक शब्दाच्या दोन्ही बाजूंना टक्का लावून तो पॅरामीटरच्या यादीत ढकला. झाली क्वेरी.

दोन्ही बाजूंना टक्का असला की इंडेक्स (लवकर शोधण्यासाठीची सूची) वापरला जात नाही, डेटाबेस सगळ्या ओळी वाचतो. हे ऐकून घाबरू नका. काही हजार ओळींच्या यादीला त्याने फरक पडत नाही, वापरणाऱ्याला थांबल्याचं जाणवतही नाही.

रायगड शोधला तर रायगड वर हवा

नमुना यादीत ‘रायगड’ शोधा. दोन किल्ले येतील: रायगड आणि खांदेरी, कारण खांदेरी रायगड जिल्ह्यात आहे. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, फक्त खांदेरी वर येता कामा नये. पूर्ण यादीत तर अख्खा जिल्हा येईल आणि खुद्द रायगड कुठे तरी मध्ये हरवेल. ‘दुर्ग’ शोधलं तर आणखी गंमत: प्रकाराच्या रकान्यात गिरिदुर्ग, जलदुर्ग असल्यामुळे बाराही किल्ले येतात.

यावर रकाने कमी करणं हा उपाय नाही, क्रम लावणं हा आहे. टेबलात ‘शोधनाव’ असा आणखी एक रकाना ठेवा, चाळलेलं फक्त नाव. उत्तरं पायथॉनमध्ये आली की प्रत्येकाला गुण द्या. शब्द शोधनावाशी तंतोतंत जुळला तर शंभर, नावाची सुरुवात त्याने होत असेल तर पन्नास, नावात कुठेही असेल तर वीस, इतरनावांत असेल तर दहा, बाकी कुठेही एक. सगळ्या शब्दांचे गुण मिळवा आणि उतरत्या क्रमाने लावा, बरोबरी झाल्यास नावाप्रमाणे. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुमच्या यादीवर चालवून बदला. ‘दुर्ग’ला आता विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि सुवर्णदुर्ग वर येतील.

‘पुण्यातले’, ‘नाशिकमधील’, ‘रायगडावरील’

माणसं शोधचौकटीतही मराठीच बोलतात, विभक्तीसकट. ‘नाशिकमधील’ हा तुकडा टेबलात कुठेच नसतो. एसक्यूलाइटसोबत येतो तो पोर्टर स्टेमर (शब्दांचे शेवट काढणारा भाग) इंग्रजीसाठी आहे, मराठीला त्याचा उपयोग नाही.

पण छोटा उपाय बराच पल्ला गाठतो. शेवटांची यादी करा: मधले, मधील, वरील, वरचे, तले, तील, च्या, चे, ची, ला. ही यादीही ‘चाळा’मधून काढा, कारण शब्द आधीच ऱ्हस्व झालेला असतो. यादी लांबीच्या उतरत्या क्रमाने लावा म्हणजे ‘चे’च्या आधी ‘वरचे’ तपासला जाईल. शेवट काढल्यावर उरलेल्या शब्दाच्या टोकाला काना असेल तर तोही काढा. ‘रायगडावरील’चं ‘रायगडा’ आणि मग ‘रायगड’ होतं. ‘पुण्यातले’चं ‘पुण्या’ आणि मग ‘पुण्य’ होतं. ‘पुणे’शी ते जुळत नाही, म्हणून स्थळनावांच्या टेबलात पुण्यापुढे ‘पुण्या’ हे सामान्यरूप पर्याय म्हणून ठेवायचं. एकारान्त आणि आकारान्त गावांनाच हे करावं लागतं.

हे शेवट काढणं पहिल्या फेरीत करू नका. आधी शब्द आहे तसा शोधा, उत्तर शून्य आलं तरच शेवट काढून पुन्हा शोधा. शिवाय उरलेल्या शब्दात तीनपेक्षा कमी चिन्हं राहत असतील तर काढू नका. नाही तर ‘ला’ने संपणारी धडधाकट नावं विनाकारण कापली जातात.

ओळी लाखांत गेल्या तर एफटीएस५

यादी फार मोठी झाली तर एसक्यूलाइटचा एफटीएस५ हा शोधविभाग वापरा. तो अनेक रकाने एकत्रच शोधतो, शब्दांमध्ये अँड आपोआप धरतो आणि बीएम२५ या जुळणीला गुण देणाऱ्या फंक्शनला प्रत्येक रकान्याचं वजन देता येतं, म्हणजे वरचा गुणांचा खटाटोप वाचतो. बीएम२५ चं उत्तर जितकं लहान तितकी जुळणी चांगली, तेव्हा क्रम चढता ठेवा.

मराठीसाठी यात एक खड्डा आहे आणि तो खोल आहे. एफटीएस५ चा नेहमीचा यूनिकोड६१ टोकनायझर, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणारा भाग, अक्षरं आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानतो. देवनागरीतल्या मात्रा, वेलांट्या, उकार आणि हलन्त यांना तो शब्द तोडणारी चिन्हं समजतो. ‘पुणे’ त्याच्या लेखी प, ण. ‘पाणी’सुद्धा प, ण. टिपेत ‘पाण्याचं टाकं’ असलेला प्रत्येक किल्ला मग ‘पुणे’च्या शोधात येतो. पाण्याचं टाकं नसलेला गड शोधावा लागेल, तेव्हा परिणाम काय होत असेल ते ओळखा.

उपाय एका ओळीचा आहे. टेबल तयार करताना टोकनायझरला कॅटेगरीज हा पर्याय द्या आणि मूळच्या ‘एल* एन* सीओ’ या यादीत ‘एमएन’ आणि ‘एमसी’ हे मात्रा-वेलांट्यांचे दोन प्रवर्ग वाढवा. टेबल आधीच तयार असेल तर ते टाकून पुन्हा बांधावं लागतं.

एफटीएस५ अख्खा शब्द किंवा फार तर शब्दाची सुरुवात जुळवतो, त्यामुळे ‘गड’ शोधून ‘लोहगड’ येत नाही. ट्रायग्रॅम टोकनायझर तुकडे शोधतो, पण त्याला किमान तीन चिन्हं लागतात आणि ‘गड’ दोनच चिन्हांचा आहे. किल्ल्यांच्या यादीत गड शोधता न येणं मला तरी पटत नाही. म्हणून काही हजारांपर्यंत लाइकवरच राहा.

मॅचला (एफटीएस५ च्या शोधाच्या आज्ञेला) शब्द देताना प्रत्येक शब्द दुहेरी अवतरणांत घाला, आतलं दुहेरी अवतरण दोनदा लिहा. एरवी आडवी रेघ किंवा कंस आला की क्वेरी चूक देते.

तपासणी

बारा किल्ल्यांवर हे शोध चालवा आणि उत्तरं ताडून पाहा. ‘पुणे गिरिदुर्ग’ आणि ‘पुणे गिरीदुर्ग’ दोन्हींना तेच तीन: शिवनेरी, लोहगड, राजगड. ‘सिन्धुदुर्ग’ला दोन, सिंधुदुर्ग आधी आणि विजयदुर्ग नंतर. ‘घेरिया’ला फक्त विजयदुर्ग. ‘रायगडावरील’ला रायगड पहिला. इंग्रजी आकड्यांतल्या १६७४ ला रायगड. नुसता टक्का टाकला तर चाळणी तो उडवते आणि सगळी यादी दिसते. क्वेरी मोडली तर चाळणी मध्ये कुठे तरी चुकवली आहे.

एखादा शब्द समोर दिसत असूनही जुळत नसेल तर तर्क लढवत बसू नका. पायथॉनमध्ये त्या शब्दाच्या प्रत्येक चिन्हाचा क्रमांक ऑर्ड फंक्शनने छापा, टेबलातल्या शब्दाचाही छापा आणि दोन यादी शेजारी ठेवा. बहुतेक वेळा २००डी कुठे तरी लपलेला असतो.

शोधमजकूर आणि शोधनाव हे रकाने हाताने कधीच बदलू नका. ते पुन्हा भरणारी एक वेगळी स्क्रिप्ट ठेवा. किल्ल्याची माहिती बदलली, स्थळनावांत ओळ वाढली किंवा चाळणीत नवा नियम आला की ती सगळ्या ओळींवर पुन्हा चालवायची. काही हजार ओळींना यात क्षणभरच जातो, त्यामुळे बदललेल्या ओळी शोधून तेवढ्याच भरण्याच्या भानगडीत पडू नका.